जाळ्याची कसोटी

जबलपूर म्हटले की मराठी प्रवाशाला भेडाघाटचे संगमरवरी कडे आठवतात. त्या कड्यांच्या वरच्या अंगाला नर्मदेवर बर्गीचे धरण उभे आहे. १९७४ साली आरंभलेले त्याचे काम १९९० साली पूर्ण झाले. जबलपूर, मंडला व सिवनी या जिल्ह्यांतील १६२ गावांना त्याची झळ पोहोचली आणि वाहत्या नदीच्या जागी विस्तीर्ण सरोवर पसरले.

नदी थांबली, तशी मासेमारीची जुनी विद्याही अपुरी पडली. उथळ प्रवाहात पाग फेकून मासा धरता येतो. खोल, संथ पाण्यात ती युक्ती फारशी चालत नाही. तेथे कल्लाजाळे उपयोगी पडते. वर तरंगणारी बुचे, खाली वजने आणि मध्ये सहसा न दिसणारी सुताची भिंत. मासा आसात डोके घालतो आणि कल्ल्यापाशी अडकतो.

अशा जाळ्यांची शास्त्रशुद्ध परीक्षा आपल्या देशात बर्गीच्या पूर्वीच सुरू झाली होती. १९५७ साली कोचीनला केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. पुढे हिराकुड जलाशयानजीक बुर्ला येथे तिचे केंद्र निघाले. परीक्षेची रीत साधी आहे. निरनिराळ्या आसांची जाळी एकाच पाण्यात, एकाच रात्री लावावयाची आणि सकाळी कोणत्या आसात कोणता, किती लांबीचा मासा सापडला ते मोजावयाचे. बारीक आसात कोवळा रोहू वा कटला सापडतो व उद्याची वीण आजच खुडली जाते. मोठा आस त्याला वाढू देतो. सुती जाळे कुजते, नायलॉनचे कुजत नाही. परंतु तेच तळाच्या खुंटांत अडकून राहिले, तर धन्यावाचूनही मासे मारीत राहते.

बर्गीत या शास्त्राला माणसाची जोड मिळाली. १९९४ साली जलाशयातील मासेमारीचा हक्क विस्थापितांच्या सहकारी संस्थांच्या संघाला देण्यात आला. ज्या पाण्याने शेत बुडविले, त्याच पाण्यावर पोट भरण्याची संधी त्यांना लाभली. तो हक्क मात्र कायम टिकला नाही.

आसाचे माप शास्त्र सांगू शकते. परंतु मोठ्या आसाचे जाळे लावून आज थोडका मासा घरी नेणे कोणाला परवडते? उद्याही हे पाणी आपलेच राहील, अशी ज्याला खात्री आहे, त्यालाच. जाळ्याची खरी कसोटी पाण्यात लागते, तशीच ती काठावरही लागते.