ग्रहवातावरणे, सूर्यकुलाबाहेरील

सूर्याव्यतिरिक्त अन्य ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या वातावरणांतील घटक वर्णपटांवरून ओळखता येतात. प्रत्येक वायू ठराविक तरंगलांब्यांचाच प्रकाश शोषून घेतो व वर्णपटात त्याची खूण उमटते. या पद्धतीचा पाया गुस्टाफ किरखोफ व रोबेर्ट बन्सन यांनी १८५९-६० मध्ये हायड्लबर्ग येथे घातला. १९४४ मध्ये जी. पी. कायपर यांना शनीच्या टायटन या उपग्रहाच्या वर्णपटात मिथेन आढळला. सूर्यकुलाबाहेरील ग्रह मात्र आपल्या ताऱ्याच्या प्रखर तेजात लोपून जातात. त्यामुळे त्यांचा प्रकाश वेगळा मिळविणे अतिशय कठीण असते.

ही अडचण अधिक्रमणामुळे दूर झाली. महाश्व तारकासमूहातील एच्‌डी २०९४५८ या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह दर साडेतीन दिवसांनी जातो व त्या वेळी ताऱ्याचे तेज सु. १·५ टक्क्यांनी घटते, असे १९९९ मध्ये दिसून आले. अधिक्रमणाच्या वेळी ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या वातावरणातून गाळून येतो. वायू ज्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतो, तीत ग्रह किंचित मोठा भासतो व तेजातील घट वाढते. सोडियमाची खूण अशा रीतीने दिसावी, असे सारा सीगर व दिमितार सॅसेलॉव्ह यांनी २००० मध्ये दाखविले. डेव्हिड शारबनो व त्यांचे सहकारी यांनी हबल अवकाश दूरदर्शकाने ५८९ नॅनोमीटरजवळ ही खूण शोधली. हा निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील अधिक घट दहा हजारांत केवळ सु. दोन भाग होती.

याच ग्रहापासून हायड्रोजन निसटत असल्याचे २००३ मध्ये, तर त्याचे अवरक्त उत्सर्जन २००५ मध्ये स्पिट्झर दूरदर्शकामुळे आढळले. जीजे १२१४ बी या ग्रहाचा वर्णपट मात्र २०१४ मध्ये जवळजवळ सपाट निघाला. उंचावरील ढगांनी खालील वायूंच्या खुणा झाकल्या होत्या. २०२२ मध्ये जेम्स वेब दूरदर्शकाने वास्प-३९ बी या ग्रहावर कार्बन डाय-ऑक्साइड निःसंदिग्धपणे दाखविला.

खूण जितकी सूक्ष्म, तितका ताऱ्याचा परिणाम वेगळा काढणे अवघड असते. अक्षीय भ्रमणामुळे ताऱ्याची एक बाजू निरीक्षकाकडे येते व दुसरी दूर जाते. तसेच त्याच्या बिंबाचा मध्य व कडा यांचे वर्णपट भिन्न असतात. ग्रह बिंबाचे निरनिराळे भाग झाकत जातो, तशी ताऱ्याचीच सोडियम रेषा बदलते. एच्‌डी २०९४५८ च्या उच्च विभेदनक्षम वर्णपटांत सोडियमाच्या म्हणून मानलेल्या खुणा केवळ यामुळेही उद्‌भवू शकतात, असे २०२० मध्ये दाखविण्यात आले व पहिल्या शोधाचाही पुनर्विचार सुरू झाला.

या सावधगिरीचे महत्त्व के२-१८ बी या ग्रहाच्या बाबतीत स्पष्ट होते. पृथ्वीवर मुख्यतः सागरी सूक्ष्मजीवांमुळे निर्माण होणाऱ्या डायमिथिल सल्फाइडाच्या खुणा तेथे असल्याचे २०२३ व २०२५ मध्ये सुचविण्यात आले; परंतु त्याच निरीक्षणांचे पुन्हा विश्लेषण करणाऱ्या अन्य संशोधकांना हा पुरावा पुरेसा वाटला नाही. परग्रहावरील जीवसृष्टीचा निर्णय अशा अतिसूक्ष्म फरकांवर अवलंबून असल्यामुळे, ग्रहाविषयी अनुमान काढण्यापूर्वी त्याच्या ताऱ्याचे अचूक ज्ञान असणे आवश्यक ठरते.