अडलेला घोडा आणि झेनोफन

घोडा गाडीत चढेना, की आपला हात आधी चाबकाकडे जातो. ग्रीक सेनानी झेनोफन याने इ. स. पूर्वी चौथ्या शतकातच, अश्वविद्येवरील आपल्या ग्रंथात, या सवयीचा समाचार घेतला आहे. बुजलेल्या घोड्याला मारले, तर ही वेदना समोरच्या वस्तूनेच दिली असे तो समजतो आणि अधिकच बिथरतो. म्हणून त्या वस्तूला आपण स्वतः हात लावून दाखवावा, मग त्याला हळूहळू जवळ न्यावे. रागाच्या भरात तर त्याच्या वाटेस जाऊच नये. झेनोफनपुढे आपली घोडागाडीची मोटार नव्हती, हे उघडच आहे. पण दाराशी फळी पाहून थबकणारे जनावर तेच. त्या फळीवर आधी आपणच उभे राहावे, असे आम्हांस वाटते. झेनोफन मुळात शिपाईगडी. न ऐकणारा घोडा पुष्कळदा फितुरासारखा वागतो, असे तोच बजावतो.