कवळीचं माप आणि तुटून जुळणारे बंध

परवा कवळीचं माप द्यायला दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी गुलाबी पूड पाण्यात कालवून तोंडात बसवली आणि दोन-तीन मिनिटांत तिचं रबरासारखं लवचीक काहीतरी झालं! मी इतिहास घेऊन मराठीतून बी.ए. केलेली, विज्ञानाशी संबंध बेताचाच. पण चौकसपणा काही जात नाही. घरी येऊन शोधत बसले.

ही पूड म्हणजे अल्जिनेट, समुद्री शेवाळातून निघणारं. स्कॉटलंडमध्ये काम करणाऱ्या एडवर्ड स्टॅनफर्ड यांनी १८८१ मध्ये ते काढण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं. दातांच्या मापासाठी पूर्वी अगर वापरत, तेही शेवाळातलंच. पण ते मुख्यतः जपानहून येई. दुसऱ्या महायुद्धात त्याची टंचाई झाली आणि अल्जिनेट पुढे आलं.

अल्जिनेटच्या लांब साखळ्यांवर ऋण भार असतो. सोडियमवर एकच धन भार, त्यामुळे तो दोन साखळ्या बांधू शकत नाही. कॅल्शियमवर दोन भार, म्हणून तो दोघींना धरतो. पुडीतच कॅल्शियमचा क्षार असतो. पाणी पडलं की काम सुरू! १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी याचं चित्र मांडलं: अंड्यांच्या खोक्यात अंडी बसावीत तसे साखळ्यांच्या खोबणींत कॅल्शियमचे कण.

नुसतं अल्जिनेट मात्र लवकर फाटतं. २०१२ मध्ये हार्वर्डच्या झिगांग सुओ आणि सहकाऱ्यांनी त्यात पॉलिअ‍ॅक्रिलअमाइडचं दुसरं, पक्क्या बंधांचं जाळं गुंफलं. सुमारे ९० टक्के पाणी असलेला हा पदार्थ वीसपट ताणला तरी तुटेना! ताण आला की कॅल्शियमचे बंध सुटतात आणि धक्का सोसतात. दुसरं जाळं आकार सांभाळतं. नंतर ऊब आणि वेळ मिळाला, की सुटलेले बरेचसे बंध पुन्हा जुळतात. सगळे नाही, पण बरेचसे. गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबरात गंधकाचे जे बंध घातले, ते पक्के. पण एकदा तुटले की आपोआप जुळत नाहीत.

वर्गात मी नेहमी सांगत असे, न तुटतं ते मजबूत. आता वाटतं, ते अर्धंच खरं होतं.

धाकट्या बहिणीशी वडिलांच्या घरावरून तीन वर्षं बोलणं नव्हतं. काल मीच फोन केला. औषधं, पाऊस, नातवंडं... जुजबीच बोललो. पण तिने फोन ठेवला नाही.

असो. कवळी मंगळवारी मिळेल.