मिडी कंट्रोलर

मिडी कंट्रोलर हे संगणक, मोबाइल किंवा सिंथेसायझर यांना वादनाच्या सूचना पाठवणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे. 'मिडी' हे 'म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस' या नावाचे लघुरूप होय. बहुतेक कंट्रोलरांवर पियानो किंवा हार्मोनियमप्रमाणे काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात. काहींवर केवळ बोटांनी वाजवायचे रबरी पॅड किंवा फिरवायचे नॉब असतात.

कंट्रोलरमधून स्वतःचा आवाज निघत नाही. आवाज त्याला जोडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा वाद्यात तयार होतो. त्यामुळे स्वस्त व महाग कंट्रोलरांनी एकाच सॉफ्टवेअरमधील पियानो वाजवला, तर त्या पियानोच्या ध्वनीचा दर्जा बदलत नाही. किमतीतील फरक मुख्यतः पट्ट्यांची संख्या व घडण, इतर नियंत्रणे आणि सोबत मिळणारे सॉफ्टवेअर यांमुळे पडतो. घरी संगीतनिर्मिती करणाऱ्याने कंट्रोलर निवडताना हा भेद विचारात घेणे महत्त्वाचे ठरते.

इतिहास

१९८० च्या दशकाच्या आरंभी निरनिराळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांना सहज जोडता येत नसत. अमेरिकेतील सिक्वेन्शियल सर्किट्स या कंपनीचे डेव्ह स्मिथ यांनी १९८१ मध्ये सामाईक जोडणीचा प्रस्ताव मांडला. जपानमधील रोलंड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांचाही या प्रयत्नात पुढाकार होता. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील 'नॅम' या वाद्यप्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ हे दोन सिंथेसायझर मिडीद्वारे जोडून दाखवण्यात आले. त्याच वर्षी मिडी १.० हे मानक प्रसिद्ध झाले. या कार्यासाठी स्मिथ व काकेहाशी यांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला.

२०२० मध्ये मिडी २.० हे मानक स्वीकारण्यात आले. ते जुन्या मानकाशी सुसंगत राहील अशा रीतीने आखलेले असल्याने मिडी १.० ची उपकरणे निरुपयोगी झालेली नाहीत.

कार्यपद्धती

पट्टी दाबली की कंट्रोलर एक छोटा संदेश पाठवतो. त्यात मुख्यतः तीन गोष्टी असतात: वाहिनीचा क्रमांक, स्वराचा क्रमांक आणि आघाताचा वेग. वाहिन्या १६ असतात. स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक असून मध्य 'सी' या स्वराचा क्रमांक ६० आहे. आघाताचा वेग १ ते १२७ या आकड्यांत मोजला जातो. सॉफ्टवेअर त्यावरून सामान्यतः आवाजाचा जोर व पोत ठरवते. पट्टी सोडल्यावर स्वर थांबवण्याचा वेगळा संदेश जातो.

निवडीचे निकष

पट्ट्यांची संख्या: बाजारात २५, ३७, ४९, ६१ आणि ८८ पट्ट्यांचे कंट्रोलर प्रामुख्याने आढळतात. २५ पट्ट्यांत दोन सप्तके व वरचा षड्ज बसतो. एका हाताने चाल किंवा बासची ओळ वाजवण्यास एवढे पुरते. मंद्र, मध्य व तार ही तिन्ही सप्तके वरच्या षड्जासह एकाच वेळी हाताखाली हवी असल्यास ३७ पट्ट्या लागतात. दोन्ही हातांनी वादन करणाऱ्यास ४९ किंवा ६१ पट्ट्या सोयीच्या पडतात, तर पियानोच्या पूर्ण आवाक्यासाठी ८८ पट्ट्यांची आवश्यकता असते. लहान कंट्रोलरांवर सप्तक वर-खाली सरकवण्याची बटणे असतात. मात्र वादन चालू असताना ती वारंवार दाबणे अडचणीचे ठरते.

पट्ट्यांची घडण: स्वस्त व छोट्या कंट्रोलरांत अनेकदा नेहमीपेक्षा अरुंद पट्ट्या असतात. टेबलावर जागा कमी असल्यास त्या उपयोगी पडतात. परंतु हार्मोनियम किंवा पियानोचा सराव असलेल्या हाताचे अंतराचे अंदाज त्यांवर चुकतात. पूर्ण आकाराच्या पट्ट्यांचे साधारणपणे तीन प्रकार केले जातात: स्प्रिंगवर चालणाऱ्या हलक्या, अर्धभारित आणि पियानोप्रमाणे हातोडीची यंत्रणा असलेल्या. तिसरा प्रकार वजनाने जड व महाग असतो आणि मुख्यतः पियानोवादकांना उपयुक्त ठरतो. आघाताचा वेग ओळखणाऱ्या पट्ट्या असणे हा बहुतेक वादकांच्या दृष्टीने किमान निकष होय.

चाके, पॅड व नॉब: स्वर वाकवण्याचे व स्वरात कंप आणण्याचे अशी दोन चाके अनेक कंट्रोलरांवर असतात. काही छोट्या कंट्रोलरांत त्यांच्या जागी स्पर्शपट्ट्या किंवा लहान दांडी बसवलेली असते. तालाचे ठोके बोटांनी वाजवणाऱ्यांना पॅड उपयोगी पडतात. आकाय एमपीके मिनी हे अशा छोट्या कंट्रोलरांचे परिचित उदाहरण असून त्यात २५ अरुंद पट्ट्यांसह ८ पॅड व ८ नॉब असतात. केवळ स्वर वाजवून ध्वनिमुद्रण करणाऱ्यास पॅड नसलेला, पण अधिक पट्ट्यांचा कंट्रोलर अधिक उपयोगी पडू शकतो.

जोडणी: आजचे बहुतेक छोटे कंट्रोलर यूएसबी तारेतूनच वीज व संदेशवहन दोन्ही साधतात. वेगळ्या ड्रायव्हरविना चालणारे उपकरण दीर्घकाळ वापरता येण्याची शक्यता अधिक असते. अँड्रॉइडमध्ये ६.० या आवृत्तीपासून मिडीची अंगभूत सोय आहे. फोनला जोडण्यासाठी योग्य अडॅप्टर लागू शकतो. जुने बाह्य सिंथेसायझर वाजवायचे असल्यास पाच पिनांचे मिडी छिद्र आहे का, हे पाहावे लागते. पायाने स्वर लांबवण्याच्या पेडलसाठी वेगळे छिद्र लागते.

विलंब

पट्टी दाबणे व आवाज ऐकू येणे यांत जाणवणाऱ्या विलंबाचा दोष पुष्कळदा कंट्रोलरला दिला जातो. पाच पिनांच्या मूळ मिडी जोडणीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट इतका असून एका स्वराचा संदेश जाण्यास सुमारे १ मिलिसेकंद लागतो. जाणवण्याजोगा विलंब बहुधा संगणकाच्या ध्वनिप्रक्रियेत निर्माण होतो. सेकंदाला ४४,१०० नमुने या दराने १,०२४ नमुन्यांचा बफर भरण्यास सुमारे २३ मिलिसेकंद लागतात, तर २५६ नमुन्यांना सुमारे ६ मिलिसेकंद पुरतात. त्यामुळे नवा कंट्रोलर घेण्यापूर्वी बफर कमी करणे आणि विंडोजवर 'एएसआयओ' ड्रायव्हर वापरून पाहणे हे उपाय करता येतात. बफर फार कमी केल्यास आवाज तुटू लागतो. ब्लूटूथ हेडफोनमुळेही मोठा विलंब होतो. तारेचा हेडफोन वापरल्यास तो टळतो.

भारतीय संगीतातील वापर

हार्मोनियमप्रमाणे कंट्रोलरवरही एका सप्तकात १२ पट्ट्या असतात. गायकाचा षड्ज काळी एक असो वा काळी चार, ट्रान्सपोझ बटणाने सर्व स्वर हवे तितके सरकवता येतात व वादकाला नेहमीच्या पट्ट्यांवरच वाजवता येते. स्केल चेंजर हार्मोनियममध्ये हेच काम यांत्रिक रीतीने होते.

हार्मोनियममध्ये आवाजाचा चढ-उतार भात्यावर अवलंबून असतो. कंट्रोलरवर आघाताचा वेग स्वराच्या आरंभीच नोंदला जातो. त्यानंतर धरलेला स्वर फुलवायचा असल्यास चाक, नॉब किंवा पेडल यांपैकी एखादे आवाजाच्या पातळीला जोडावे लागते. त्यामुळे डावा हात भात्यावर ठेवण्याची सवय असलेल्या वादकास डाव्या बाजूचे चाक उपयोगी पडते.

मींड काढण्यासाठी स्वर वाकवण्याचे चाक वापरतात. अनेक सॉफ्टवेअर-वाद्यांत त्याची मर्यादा आरंभी वर-खाली दोन अर्धस्वर एवढीच असते. षड्जापासून पंचमापर्यंतचे अंतर सात अर्धस्वरांचे असल्याने अशा मींडेसाठी वाद्याच्या सेटिंगमध्ये ही मर्यादा वाढवावी लागते. चाकाचा परिणाम एका वाहिनीवरील सर्व स्वरांवर होतो. म्हणून तानपुऱ्याचा नाद वेगळ्या वाहिनीवर ठेवतात.

नेहमीच्या मांडणीत सप्तकाचे १२ समान भाग केलेले असतात. त्यातील शुद्ध गांधार ५:४ या प्रमाणातील नैसर्गिक गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. हा फरक महाग कंट्रोलर घेतल्याने आपोआप दूर होत नाही. त्यासाठी स्वरमेळ बदलण्याची सोय असलेले सॉफ्टवेअर-वाद्य लागते.

कमी खर्चाचे पर्याय

घरी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड असल्यास व त्याला संगणकाशी जोडायचे यूएसबी किंवा मिडी छिद्र असल्यास, तोच कंट्रोलर म्हणून वापरता येतो. संगणकाच्या टंकलेखनाच्या कळांवरून स्वर वाजवण्याची सोयही गॅरेजबँडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये असते. मात्र या कळा आघाताचा वेग ओळखत नाहीत. एलएमएमएस हे मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध असून गॅरेजबँड अ‍ॅपलच्या उपकरणांवर विनामूल्य मिळते.

वापरलेला कंट्रोलर घेताना प्रत्येक पट्टी हळू व जोरात दाबून पाहणे, चाक सोडल्यावर मध्यावर परतते का ते तपासणे आणि यूएसबी छिद्र सैल नाही याची खात्री करणे आवश्यक असते. स्वतंत्र ड्रायव्हर लागणारी जुनी उपकरणे नव्या संगणकावर चालतीलच असे नाही. सोबतच्या सॉफ्टवेअरचा परवाना आधीच्या मालकाच्या नावे नोंदलेला असू शकतो. त्यामुळे अशा व्यवहारात त्याचे मूल्य वेगळे धरणे जोखमीचे ठरते.

हे सुद्धा पहा

सिंथेसायझर
हार्मोनियम
इलेक्ट्रॉनिक संगीत
ध्वनिमुद्रण