पावसाचा खाडा

कामगार आला नाही, तर हजेरीपटावर त्याचा खाडा पडतो. परंतु कामगार आला आणि पावसाने काम थांबले, तर तो खाडा कोणाचा? बांधकामावर तो बहुधा बिगाऱ्याच्याच नावावर मांडला गेला.

१९५३ साली औद्योगिक कलह कायद्यात दुरुस्ती झाली. कोळसा संपला, यंत्र मोडले, तर पात्र कामगाराला मूळ वेतन व महागाईभत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळू लागली. आम्ही चळवळीतली माणसे त्या कलमाचे मोल जाणतो. पण त्याच्या व्याख्येत बसले ते कारखाने, खाणी आणि मळे. छपराखालच्याला आधार मिळाला. छप्पर बांधणारा भिजत राहिला.

पश्चिम जर्मनीने १९५९ साली दुसरी वाट धरली. हिवाळ्यात बर्फाने बांधकाम थांबले, की बेकारी विम्याच्या निधीतून गवंड्याला भत्ता मिळे, आणि त्याची नोकरीही तुटत नसे. १९९५ अखेर तो भत्ता बंद झाला; २००६ पासून तेथे हंगामी भत्त्याची निराळी योजना आली.

आपल्याकडे १९९६ च्या कायद्याने बांधकामखर्चावर कामगारकल्याणाचा उपकर बसला. नोव्हेंबर २०२१ मध्ये दूषित हवेमुळे दिल्लीतील बांधकामे थांबवली गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने याच उपकरातून मजुरांना निर्वाहभत्ता देण्याचा आदेश दिला. धुरासाठी जे साधले, ते पावसासाठी का साधू नये? अंदाजपत्रकात सिमेंटची नासधूस धरतातच. आमची मागणी एवढीच, की पावसाचे दिवसही धरा.