खेळघराला खोली लागते का?

सोलापूरच्या पूर्व भागातील विणकरांच्या अनेक घरांत राहत्या जागेतच हातमाग असे. ‘मुलांना खेळायला घरात जागा करा’ असे आपण पालकसभेत सांगितले, की साहजिकच प्रश्न येतो : खोली कुठून आणायची?

याचे उत्तर इतिहासात सापडते. ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया माँटेसरी यांनी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत, एका चाळवजा इमारतीत, पहिले ‘बालकांचे घर’ उघडले. पुढे तेथे टेबल-खुर्च्या मुलांच्या मापाच्या झाल्या, कपाटे ठेंगणी झाली. साधन मुलानेच घ्यायचे आणि त्यानेच जागेवर ठेवायचे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. शिंपले, बिया, खडे हीच साधने झाली.

म्हणजे खेळघराला वेगळी खोली लागतेच असे नाही. एक कोपरा, मुलाच्या हाताला येणारी फळी आणि तीन-चार डबे पुरतात. (तीन वर्षांखालील मुलांच्या डब्यात बिया-खडे मात्र नकोत.) पण ते डबे उघडण्याची मुभा मुलाला हवी. पालकांना आपण आधी हेच सांगावे, असे आम्हाला वाटते.