राखणदाराचें यश : कप्तान बिली मॅक्नील

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवालयाचा पाया कोणीं घातला, मनोरा कोणीं उभारला, घंटा कोणीं अर्पण केली, हीं नांवें आदरानें नमूद होतात. आणि तें योग्यच आहे. परंतु जें उभारलें तें वर्षानुवर्षें राखिलें कोणीं, हा प्रश्न क्वचितच विचारिला जातो. राखण करणाऱ्याचें यश मोठें विलक्षण असतें. जें घडलें नाहीं तीच त्याची कमाई. चोरी झाली नाहीं, आग लागली नाहीं, गोल झाला नाहीं. मग लोकांस दिसावयाचें तें काय? फुटबॉलच्या खेळांत बचाव करणाऱ्या गड्याचें जिणें असेंच असतें. गोल करणाऱ्याचें नांव मुलांच्या तोंडीं असतें. गोल अडविणाऱ्याचें नांव बहुधा तो चुकला म्हणजेच निघतें. अशा एका गड्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें आम्हांस वाटतें. तो कॅथलिक होता एवढेंच त्याचें कारण नव्हे. ज्या संघाचा तो कप्तान झाला, तो संघच मुळीं एका धर्मग्रामाच्या सभागृहांत जन्मास आला होता.

स्कॉटलंड देशांतील ग्लासगो शहराच्या पूर्व भागांत एकोणिसाव्या शतकांत आयर्लंडांतून आलेल्या कॅथलिक मजुरांची दाट वस्ती होती. बटाट्याचें पीक बुडून १८४५ पासून आयर्लंडांत जो भीषण दुष्काळ पडला, त्यानें हजारों कुटुंबें समुद्रापलीकडे लोटिलीं. ग्लासगोंत त्यांस काम मिळालें. परंतु मजुरी अल्प, घरें कोंदट आणि मुलें उपाशी, अशी स्थिति होती. ह्या वस्तींत येशूच्या पवित्र हृदयाच्या नांवें चालणाऱ्या शाळेचे मुख्याध्यापक मारिस्ट बंधुसंघाचे ब्रदर वॉल्फ्रिड हे होते. त्यांचें मूळ नांव अँड्र्यू केरिन्स. जन्म १८४० सालीं आयर्लंडच्या स्लायगो परगण्यांतील. उपाशी पोटीं विद्या चढत नाहीं, हें त्यांनीं रोज डोळ्यांनीं पाहिलें, आणि सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटीच्या साह्यानें गरीब मुलांसाठीं स्वस्त जेवणाची सोय केली. दुसऱ्या पंथाच्या अन्नछत्रांत जातां जातां हीं मुलें आपल्या धर्मास मुकतील, ही चिंताही त्यांच्या मनांत होती.

परंतु रोजच्या अन्नास रोजचा पैसा लागतो. लोकांस फुटबॉलचें वेड आहे, तर त्या वेडांतूनच भाकरी काढावी, असें ब्रदर वॉल्फ्रिड व त्यांचे सहकारी ह्यांनीं ठरविलें. ६ नोव्हेंबर १८८७ रोजीं सेंट मेरी धर्मग्रामाच्या सभागृहांत बैठक भरली, आणि सेल्टिक फुटबॉल क्लब स्थापन झाला. सेंट मेरी, सेक्रेड हार्ट व सेंट मायकेल ह्या तीन धर्मग्रामांतील गरजू मुलांच्या जेवणास पैसा पुरविणें, हा हेतु त्यांनीं उघडपणें छापून प्रसिद्ध केला. २८ मे १८८८ रोजीं पहिला सामना झाला. त्यांत सेल्टिकनें रेंजर्स संघास ५-२ असें हरविलें. पुढें १८९२ सालीं ब्रदर वॉल्फ्रिड ह्यांची बदली लंडनला झाली, आणि १८९७ सालीं क्लबची मर्यादित कंपनी बनली. खेळ वाढला, भागीदार आले, आणि मुलांच्या जेवणाचा मूळ हेतु हळूहळू मागें पडला. ब्रदर १९१५ सालीं प्रभूघरीं गेले. दानाची जुनी परंपरा पुन्हां बांधून काढण्यासाठीं क्लबनें १९९५ सालीं धर्मादाय निधि काढला, हें नमूद करणें न्यायाचें होईल.

एक गोष्ट मात्र ह्या क्लबनें जपली. तो कॅथलिकांनीं काढिला असला, तरी खेळाडूचा धर्म विचारण्याची चाल त्यांनीं ठेविली नाहीं. १९३६ सालीं कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंग क्लबचे महंमद सलीम ह्यांस सेल्टिकनें आपल्या वेषांत मैदानावर उतरविलें, आणि ते नेहमीप्रमाणें बूट न घालतां, पायांस केवळ पट्टी गुंडाळून खेळले.

अशा ह्या घराण्यांत बिली मॅक्नील ह्यांचें पाऊल पडावयाचें होतें. त्यांचा जन्म २ मार्च १९४० रोजीं ग्लासगोजवळच्या बेल्सहिल ह्या गांवीं झाला. आईचें मूळ लिथुएनिया देशाचें, वडील लष्करांत. वडिलांच्या नोकरीमुळें बालपणाचीं कांहीं वर्षें इंग्लंडांतील हेरेफर्ड येथें गेलीं. पुढें मदरवेल येथील आवर लेडीज हायस्कूल ह्या कॅथलिक शाळेंत त्यांचें शिक्षण झालें. मँचेस्टर युनायटेडचे विख्यात व्यवस्थापक मॅट बस्बी हेही ह्याच शाळेचे विद्यार्थी. १९५७ सालीं मॅक्नील सेल्टिकमध्यें दाखल झाले. त्या वेळीं तरुण गड्यांस शिकविण्याचें काम जॉक स्टीन ह्यांजकडे होतें. स्टीन पूर्वी कोळशाच्या खाणींत राबलेले, पंथानें प्रॉटेस्टंट. आणि पुढें क्लबच्या इतिहासांतील पहिले अकॅथलिक व्यवस्थापक तेच झाले.

आरंभींचीं वर्षें मॅक्नील ह्यांस सुखाचीं गेलीं नाहींत. १९५७ नंतर सेल्टिकला सात वर्षांहून अधिक काळ एकही मोठा चषक मिळाला नाहीं. १५ एप्रिल १९६१ रोजीं स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघांतून ते लंडनच्या वेंब्ली मैदानावर प्रथमच खेळले; त्या दिवशीं इंग्लंडनें स्कॉटलंडवर ९ गोल केले, स्कॉटलंडला ३ च करितां आले. बचाव करणाऱ्या गड्यानें राष्ट्राच्या वतीनें प्रथम उभें राहावें, आणि त्याच दिवशीं नऊ वेळां जाळें हलावें, ह्याहून कठोर परीक्षा ती कोणती? दुसरा कोणी खचला असता. मॅक्नील पुढच्या आठवड्यास पुन्हां आपल्या जागीं उभे राहिले. ह्या वृत्तीस आम्ही राखणदाराचा धर्म म्हणतों.

१९६५ च्या मार्चमध्यें स्टीन व्यवस्थापक म्हणून परत आले. २४ एप्रिल १९६५ रोजीं हॅम्पडन पार्कवर एक लक्षाहून अधिक लोकांसमोर स्कॉटिश चषकाचा अंतिम सामना डनफर्मलिन संघाशीं झाला. सेल्टिक दोनदां मागें पडला, आणि दोन्ही वेळां बर्टी ऑल्ड ह्यांनीं बरोबरी साधिली. सामना संपावयास कांहीं मिनिटें उरलीं असतां चार्ली गॅलॅघर ह्यांनीं कॉर्नरवरून चेंडू उंच आंत टाकिला. मागच्या फळींतून धांवत आलेल्या मॅक्नील ह्यांनीं उडी घेऊन तो डोक्यानें जाळ्यांत लोटिला. ३-२! जो गोल अडविण्यासाठीं उभा, त्यानेंच निर्णायक गोल केला. त्या एका उडीनें क्लबचा सारा पुढचा काळ पालटला, असें म्हणावयास हरकत नाहीं. १९६६ पासून १९७४ पर्यंत लागोपाठ नऊ वर्षें लीगचें अजिंक्यपद सेल्टिककडे राहिलें. मॅक्नील ह्यांच्या खेळाच्या काळांत सात स्कॉटिश चषक व सहा लीग चषकही क्लबास मिळाले.

ह्या सर्वांवर कळस चढला तो २५ मे १९६७ रोजीं, पोर्तुगालच्या लिस्बन नगरीजवळ. त्या दिवशीं गुरुवार होता, आणि कॉर्पुस क्रिस्तीचा, म्हणजे ख्रिस्ताच्या पवित्र शरीराचा सण होता. युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यांत समोर इटलीचा बलाढ्य इंटर मिलान संघ. सातव्याच मिनिटास पेनल्टीवर मॅझोला ह्यांनीं इंटरचा गोल केला, आणि मग त्या संघानें आपल्या प्रसिद्ध बचावाची भिंत उभी केली. सेल्टिकचे गडी ती भिंत ठोकीत राहिले. उत्तरार्धांत टॉमी गेमेल ह्यांनीं बरोबरी साधिली, आणि शेवटीं स्टीव्ह चामर्स ह्यांनीं विजयाचा गोल केला. ब्रिटनमधील कोणत्याही क्लबनें हा चषक जिंकण्याची ही पहिलीच वेळ. त्या अकरा गड्यांत कॅथलिक होते तसेच प्रॉटेस्टंटही होते, आणि सारे सेल्टिकच्या मैदानापासून तीस मैलांच्या आंत जन्मलेले होते. गोलांचीं नांवें जगानें लक्षांत ठेविलीं; परंतु आघाडीचे सारे गडी पुढें धांवत असतां मागें मॅक्नील व त्यांचे जोडीदार जॉन क्लार्क हे दोघे जागा धरून होते, म्हणूनच ती धांव शक्य झाली. क्लार्क ह्यांस सोबती कौतुकानें झाडू म्हणत. इतरांच्या हातून निसटलेलें ते गोळा करून बाहेर टाकीत. सामना संपतांच मैदान लोकांनीं भरून गेलें. इतर गड्यांस वाट मिळेना. तेव्हां कप्तानासच त्यांच्यावांचून उंच चौथऱ्यावर जाऊन चषक स्वीकारावा लागला.

यशाबरोबर अपयशही सांगितलें पाहिजे. ६ मे १९७० रोजीं मिलान येथें त्याच चषकाच्या अंतिम सामन्यांत हॉलंडच्या फायनूर्ड संघाशीं गांठ पडली. जादा वेळेच्या अखेरीस डोक्यावरून जाणारा चेंडू अडवितांना मॅक्नील ह्यांचा तोल गेला, चेंडूस हात लागला. पंचानें खेळ थांबविला नाहीं, आणि किंडव्हॉल ह्यांनीं गोल करून सामना २-१ असा संपविला. इतक्या वर्षांची राखण, आणि निमिषमात्राची चूक! तरीही संघानें कप्तान बदलला नाहीं. पुढें पांच वर्षें ते कप्तान राहिले, आणि ३ मे १९७५ रोजीं स्कॉटिश चषक हातीं घेऊनच त्यांनीं खेळास निरोप दिला. सेल्टिकसाठीं ७९० सामने, आणि सारें खेळाडू-आयुष्य एकाच क्लबांत. पुढें व्यवस्थापक म्हणून दोनदां ते तेथेंच परतले. १९८८ सालीं, क्लबच्या शताब्दीच्या हंगामांत, लीग व चषक दोन्ही त्यांच्याच देखरेखीखालीं मिळाले.

आतां ह्या राखणीचें मोल काय पडलें, तेंही लिहिणें आमचें कर्तव्य आहे. उतारवयांत मॅक्नील ह्यांस स्मृतिभ्रंशाची व्याधि जडली. २०१७ सालीं कुटुंबानें ती जाहीर केली, तेव्हां त्यांचें बोलणें जवळजवळ थांबलें होतें. २२ एप्रिल २०१९ रोजीं, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशीं, ७९ व्या वर्षीं ते देवाघरीं गेले. लिस्बनचा विजयी गोल करणारे चामर्स ह्यांसही तीच व्याधि होती. एका आठवड्यानंतर तेही गेले. कोणा एका मनुष्याच्या आजाराचें कारण बोट ठेवून दाखवितां येत नाहीं. परंतु ग्लासगो विद्यापीठांतील डॉक्टरांनीं स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास करून २०१९ सालीं जाहीर केलें कीं, मेंदू झिजविणाऱ्या रोगांनीं मरण येण्याचें प्रमाण ह्या लोकांत सामान्य जनतेच्या साडेतीन पट आहे. २०२१ सालीं पुढें असें दिसून आलें कीं, गोलरक्षकांत अशा रोगांचें प्रमाण सामान्य जनांइतकेंच, परंतु बचाव करणाऱ्या गड्यांत तें सुमारें पांच पट आहे. उंच आलेला चेंडू डोक्यानें परतविणें हें त्यांचें नित्याचें काम; आणि जुन्या काळचा चामड्याचा चेंडू पावसांत भिजून जड होई. डॉक्टरांचा संशय ह्याच माऱ्यावर आहे. ह्यास्तव २०२० च्या फेब्रुवारीपासून स्कॉटलंडांत प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांस सरावांत डोक्यानें चेंडू मारणें बंद केलें आहे.

ज्या क्लबचा जन्म मुलांच्या पोटासाठीं झाला, त्याच्या थोर कप्तानाच्या आयुष्यांतून मुलांच्या डोक्यांचें रक्षण करण्याचा धडा मिळावा, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. आपल्या धर्मग्रामांतही सणासुदीस व सुट्टींत मुलांचे सामने होतात. मुलें खेळोत, धांवोत, पडोत. परंतु लहान मुलांस डोक्यानें चेंडू मारावयास कोणीं शिकवूं नये, अशी आमची पालकांस व शिक्षकांस आग्रहाची विनंति आहे. सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटीच्या शाखा आपल्या मुंबई-वसईकडेही आहेत. खेळाच्या निमित्तानें जमणाऱ्या पैशांतला कांहीं भाग गरीब घरच्या ताटांत पडावा, हा ब्रदर वॉल्फ्रिड ह्यांचा विचारही उचलण्याजोगा आहे.

आणि शेवटचें मागणें असें. ह्या स्मरणिकेंत ज्यांचीं नांवें छापलीं आहेत त्यांस आम्ही वंदन करितोंच. परंतु पहांटे देवालयाचें दार उघडणारे, मुलांकडून प्रार्थना पाठ करून घेणारे, आजाऱ्याच्या उशाशीं रात्र काढणारे, आणि ज्यांच्यामुळें ह्या धर्मग्रामांत पुष्कळ वाईट गोष्टी घडल्याच नाहींत असे जे निनांवी राखणदार, त्यांचीही आठवण ज्युबिलीच्या मिस्सांत व्हावी. त्यांचा हिशोब आपल्या वह्यांत नसला, तरी प्रभूपाशीं तो लिहिलेला आहे.